रॉडमध्ये दोष नव्हता

"अरे, तो रॉड बदल आता. एक बादली तापायला अर्धा तास उलटून जातो." दिवाळीला गावी पोचलो आणि आईची पहिली तक्रार ही. रॉड तीनच वर्षांचा होता, वर २३० व्होल्ट, १५०० वॅट छापलेलं. नवा आणण्याआधी मोजून बघायचं ठरवलं.

शाळेत पाठ केलेली सूत्रं दोनच. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. दोन्ही एकत्र केली की व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, हाही रोधच. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले १५००, म्हणजे ३५.३ ओहम. प्लग काढून त्याच्या पिनांना मल्टिमीटर लावला (चालू लाईनीवर ओहमची रेंज कधीच लावू नका), तर ३५.२ आले. रॉडच्या आतली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) कॉईल तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून थंड रॉडवरचं हे माप चालतं. तारेच्या जुन्या बल्बला हा हिशोब लावता येत नाही. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

म्हणजे रॉड ठणठणीत होता. मग रॉड बादलीत सोडून चालू केला. न्हाणीघर मागच्या अंगणात, तिथवर २५ मीटरची बारीक एक्स्टेन्शन वायर. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य! जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना रद्द करतात, हे तेव्हा लक्षात आलं. तिन्ही वायरी सुट्या असलेला हातभर तुकडा मध्ये जोडला, फक्त फेज क्लॅम्पमध्ये घेतली. ५.४ अँपिअर. शेजारच्या मोकळ्या सॉकेटात व्होल्टेज पाहिलं: रॉडपाशी १९०, घरातल्या बोर्डावर २०३.

१९० गुणिले ५.४, म्हणजे १०२६ वॅट. पंधराशेचा रॉड हजारावर चालत होता.

मधले १३ व्होल्ट मात्र मला स्वस्थ बसू देईनात. १३ भागिले ५.४, म्हणजे २.४ ओहम. वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची, तांब्याची. जाऊन-येऊन ५० मीटरचा तिचा रोध सुमारे १.७ भरतो. उरलेले ०.७ कुठे? बोर्डातल्या प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, एक पिन काळवंडलेली. ५.४ चा वर्ग गुणिले ०.७, साधारण २० वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, आणि ती रोज पहाटे भिंतीतल्या त्या सैल सॉकेटात. माझ्या पोटात गोळा आला. आई पहाटे पाचला रॉड लावून तुळशीपाशी जाते.

दुसऱ्या दिवशी वायरमनदादांना बोलावून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढून घेतली आणि १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. आता रॉडपाशी २०१ व्होल्ट, ५.७ अँपिअर, ११४६ वॅट. बादली चारच मिनिटं आधी तापते. लाईनच २०३ व्होल्टची, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घटते. त्यामुळे व्होल्टेज १२ टक्के कमी की वॅट २२ टक्के कमी. त्यावर घरातल्या घरात इलाज नाही, लेखी तक्रार देऊन आलोय.

प्लग मात्र अर्ध्या तासानंतरही गार होता. आईचा हात धरून तिलाही तो लावून पाहायला सांगितला. जुन्या वायरीचा प्लग मी कापून टाकला, पुन्हा कुणी ती रॉडला जोडू नये म्हणून.