ठाण्याच्या कोलाजमध्ये तलाव कुठल्या थरावर?

शहराचं कोलाज म्हटलं की एक ठरलेला फॉर्म्युला झालाय आता. ठाणं असेल तर मध्ये तलावपाळी, बाजूला कोपिनेश्वरचा कळस, कोपऱ्यात वाफेचं इंजिन, वर उडणारे फ्लेमिंगो, मागे येऊरचे डोंगर, झालं ठाणं. दिसायला छान असतात ही पोस्टरं पण मला त्यात माझं गाव सापडत नाही, कारण सगळं शेजारी शेजारी मांडून ठेवलेलं असतं, कशावर काही चढलेलंच नसतं. आणि ठाणं तर एकमेकांवर चढूनच उभं आहे ना! जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत जेल. स्टेशनबाहेर रिक्षा खाली आणि बस वरती सॅटिसवर, म्हणजे स्टेशनसमोरच्या उंच पुलावर. घोडबंदर रोडला गाड्यांच्या डोक्यावर मेट्रोचे खांब.

म्हणून सध्या मी ठाण्यावर एक सिरीज करतेय, अर्धी हाताने कागद फाडून, अर्धी फोटोशॉपमध्ये, आणि त्यात माझा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलाय की कुठला थर वर, कुठला खाली, आणि वरच्यातून खालचं किती दिसू द्यायचं. रंग, फॉन्ट वगैरे त्याच्यानंतर.

कागद शहरातलाच हवा, हा माझा हट्ट आहे. स्टॉक टेक्श्चर डाउनलोड करून त्याच्यावर ठाणं लिहिलं तर ते पुणंही होऊ शकतं आणि इंदोरही. नौपाड्यातल्या रद्दीवाल्या काकांकडे मी आधीच सांगून ठेवलंय की जुन्या वह्या, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिरातींची पानं बाजूला ठेवा. आजीच्या कपाटात तर खजिनाच निघाला, तिच्या गडकरीच्या तिकिटांची अर्धुकं (गडकरी रंगायतन १९७८ चं, त्यामुळे तिच्याकडे बऱ्याच काळाची आहेत), पुठ्ठ्याचं छोटं रेल्वे तिकीट, लोकलची कूपन्स. ती कूपन्स आठवतात का कोणाला, मशीनमध्ये घालून छापा मारून घ्यायचा आणि घाईत तो छापा कायम तिरका पडायचा! तो तिरका जांभळट शिक्का मी स्कॅन करून ठेवलाय. ओरिजिनल मी फाडत नाही, आजीचं तर नाहीच, प्रिंट काढून ती फाडते.

आणि डीपी बॉक्स, म्हणजे रस्त्याकडेचे विजेचे डबे. गोखले रोडच्या आसपास कुठल्याही डीपी बॉक्सकडे नीट बघा, क्लासेसच्या जाहिराती, त्यावर घरबसल्या कामाच्या, त्यावर भाड्याने रूमच्या, पावसाळ्यानंतर हे सगळं एकत्र सुटून येतं, झाडाच्या सालीसारखं. असा एक तुकडा माझ्याकडे आहे. कडेने बघितलं तर पिवळा, पांढरा, गुलाबी, परत पिवळा असे थर मोजता येतात, आणि एका ठिकाणी वरचा कागद उडालाय तिथून खालच्या फोन नंबरचे फक्त तीन आकडे डोकावतात. एवढं सुंदर कंपोझिशन मुद्दाम बसून जमत नाही हो. पॅरिसमध्ये जाक विलग्ले नावाच्या कलाकाराने १९४९ पासून भिंतींवरची फाटकी पोस्टरंच उचलून आणून कलाकृती म्हणून मांडली, आणि हा तुकडा हातात घेतला की त्याला काय दिसलं असेल ते कळतं. आपल्याकडे आता मोठ्या बोर्डांना सगळीकडे फ्लेक्स आलाय, फ्लेक्स काही असा फाटत नाही, थर धरत नाही, एक उतरवतात दुसरा चढवतात. त्यामुळे शहराची कागदी साल उरलीय ती या डीपी बॉक्सवर आणि खांबांवर.

फाडण्याबद्दल थोडं, कारण सगळी गंमत तिथे आहे. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण कागद बनताना त्याचे तंतू एकाच दिशेला पडलेले असतात. बिल्डिंगच्या कडा हव्या तेव्हा मी सरळ दिशा घेते आणि खाडीचा काठ हवा तेव्हा आडवी. आणि गुळगुळीत छापील कागद, म्हणजे मासिकाचं कव्हर वगैरे, स्वतःकडे ओढत फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार सुटते, दुसऱ्याला सुटत नाही. ही पांढरी किनार म्हणजे कोलाजचा प्राण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कोण कोणावर बसलंय ते तीच सांगते.

म्हणून फोटोशॉपमध्ये गेल्यावर सगळ्या लेयरना मल्टिप्लाय (वरचा लेयर खालच्यात मिसळायची एक पद्धत) लावायची जी सवय असते ना, ती इथे घातक. मल्टिप्लायमध्ये पांढरं गायब होतं आणि गडद आणखी गडद होतं, म्हणजे नेमकी ती किनारच जाते आणि सगळे थर एकमेकांत विरघळून एकच ओलसर डाग दिसायला लागतो. मी फाटक्या कागदाचे लेयर नॉर्मलवरच ठेवते आणि मल्टिप्लाय फक्त शाईला, म्हणजे शिक्के, अक्षरं, तिकिटावरचे आकडे यांना. ड्रॉप शॅडो तर अजिबात नाही. स्कॅन ६०० डीपीआयला करा, छापील फोटोत जे ठिपके असतात ते कमी रिझोल्युशनला जाळीसारखे नाचायला लागतात. आणि वर्तमानपत्र आणलं की लगेच स्कॅन करून घ्या, त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातून येणारा घटक) ते उजेडात पिवळं पडत जातं.

देवनागरी अक्षरांना शिरोरेखा असते ही तर मला लॉटरीच लागल्यासारखी वाटते! जाहिरातीतली मोठी ओळ शिरोरेखेच्या जरा खाली आडवी फाडली की वरच्या तुकड्यात एक लांब रेघ आणि तिला लटकलेले अक्षरांचे शेंडे उरतात. ती रेघ मी स्टेशनच्या चित्रात ओव्हरहेड वायर म्हणून वापरलीय. त्याच्याखाली १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली पॅसेंजर गाडी आली १६ एप्रिलला, ३४ किलोमीटर, तीन इंजिनं लावून. पण इंजिनाचं चित्र कुठेही नाही, नुसता आकडा, आणि तोही कूपन्सच्या खाली असा दाबलाय की फक्त ५३ दिसतं. ज्याला माहितीये त्याला कळतं.

आता तलाव. सगळ्यात जास्त विचार मी मासुंदाचा, म्हणजे तलावपाळीच्या तलावाचा केला. निळा कागद कापून चिकटवला की तो बाकीच्यांसारखाच एक तुकडा होतो, रस्त्याच्या वर बसलेला. पण पाणी तर सगळ्याच्या आधीचं आहे. म्हणून मी तलाव चिकटवलाच नाही, सोडला. सगळ्यात खाली हातकागद, त्याला अगदी फिकट राखाडी निळसर वॉश, आणि वरचे सगळे थर, देऊळ, चर्च, दुकानांच्या पाट्या, भेळेच्या गाड्या, हे सगळे काठापर्यंत येऊन थांबतात. डिजिटलमध्ये याचा मार्ग सोपा आहे, सगळे लेयर एका ग्रुपमध्ये घालायचे आणि मास्क (चित्राचा ठरावीक भाग झाकणारा पडदा) त्या ग्रुपला लावायचा, एकेका लेयरला नाही, म्हणजे नंतर कितीही कागद वाढवले तरी तलाव मोकळा राहतो. फक्त रस्त्याच्या बाजूने मी जाहिरातीचा एक कागद मास्कच्या बाहेर ठेवून पाण्यात शिरू दिलाय. ठाण्यात तीसच्या वर तलाव आजही आहेत, पण ज्यांच्या कडा हळूहळू खाल्ल्या गेल्या, जे बुजले, त्यांच्यासाठी तो कागद तिथे हवाच होता. लोकांना चित्र दाखवलं की पहिलं बोट तिथेच जातं, हा कागद सरकलाय का गं? नाही, तो तिथेच आहे.

रोमेअर बेअर्डन या अमेरिकन कलाकाराने १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका रस्त्याचं सहा पॅनलचं, साधारण अठरा फूट लांब कोलाज केलंय, द ब्लॉक नावाचं. त्यात काही घरांच्या भिंतीच काढून टाकल्यात आणि आतली माणसं दिसतात. तिथून मी धीर घेतला की वरचा थर सरळ उघडायलाही हरकत नाही. राममारुती रोडच्या चित्रात मी आता तेच करतेय, शोरूमच्या काचेचा कागद मधोमध फाडून खालची जुनी चाळ, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे, दारातली रांगोळी वर येऊ देतेय.

पुढचं वागळे इस्टेटचं आहे आणि त्यासाठी माझ्याकडे कागदच कमी पडतायत. तुमच्या घरी कोणी तिथल्या कंपनीत कामाला असेल तर जुनं चलन, पगाराचं पाकीट, पंचिंग कार्ड, कँटीनचं कूपन असं काहीही असलं तर मला कळवा. नाव आणि नंबर झाकून स्कॅन करेन आणि कागद जसाच्या तसा परत आणून देईन, ठाण्यात कुठेही.