आमची वाटचाल : पत्र्याखालचं वायरिंग

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, शेडमध्ये आम्ही वायरिंगसाठी लावलेला पीव्हीसी पाइप पहिल्याच उन्हाळ्यात सापासारखा वळला. मालकांनी फोन करून एवढंच विचारलं, "काय ओ, तुमचा पाइप झोपला की काय?" जाऊन बघतो तर ट्रसखालची, म्हणजे छपराच्या सांगाड्याखालची, सरळ लाइन दोन सॅडलांच्या (पाइप धरणाऱ्या क्लिपांच्या) मध्ये झोळी होऊन लोंबत होती. दोन ठिकाणी जोडाच्या सॉकेटातून पाइप निसटून लाल वायर बाहेर डोकावत होती.

धंदा सुरू करून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. दोष मालाचा नव्हता, आमचाच होता. पीव्हीसी तापला की लांबतो. तीन मीटरचा एक नग ४० अंशांच्या फरकाला साधारण ८ मिलिमीटर वाढतो. आम्ही तेरा नग सोल्युशनने एकजीव चिकटवून, दोन्ही टोकांना बॉक्स घट्ट बसवून, सॅडल करकचून आवळले होते. ती चार इंच लांबी जाणार कुठे? घरात छताच्या स्लॅबमध्ये गाडलेल्या पाइपाला हा प्रश्न कधी पडत नाही, आणि तोवर आम्ही घरंच केली होती. पत्र्याखाली, त्यातही ओतकामाच्या भट्टीजवळ, वेगळं राज्य असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळं उतरवलं आणि स्वतःच्या खर्चाने लोखंडी कंड्युट, म्हणजे वायरिंगचा लोखंडी पाइप, चढवला. त्या वर्षी घरात दिवाळीचे कपडे आले नाहीत. बायको अजून आठवण काढते.

मी काम शिकलो शहापूरच्या एका मेस्त्रींच्या हाताखाली. तेव्हा जुन्या वाड्यांतून सागवानी पट्टीवर क्लिपा मारून वायर नेलेली असायची. मेस्त्रींची पट्टी ओळंब्यात असे, एक क्लिप तिरकी दिसली की हातावर पक्कड बसे. वडगाव-खासबागच्या माग असलेल्या घरांत मात्र तीच पट्टी डोकेदुखी होती. कापसाची तूस पट्टीवर, होल्डरवर, बोर्डाच्या आत, सगळीकडे लोकरीसारखी साचायची. सैल स्क्रूपाशी ठिणगी उडाली की ती तूस आधी धुमसणार. काय चालतं त्या छपराखाली हे बघितल्याशिवाय वायरिंग ठरवू नये, हे खरं म्हणजे तिथेच शिकायला हवं होतं. मी ते शिकलो फौंड्रीत, पैसे मोजून.

कंत्राटदाराचं लायसन्स मिळेपर्यंतची धावपळ सांगत बसत नाही. गिऱ्हाईक मराठीत बोलणार, हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, फॉर्म कन्नडमध्ये भरायचा, आणि मालाचं बिल इंग्रजीत येणार. आमच्या भागात यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

लोखंडी पाइपाने आम्हाला शिस्त लावली. करवतीने कापलेल्या तोंडाला आतून बारीक धार राहते. एकदा शंभर फुटांची ओढ चालू होती. एका टोकाला मी वायरींना टाल्कम पावडर लावून सोडतोय, दुसऱ्या टोकाला पोरगा तार ओढतोय. वायर जड लागली म्हणून त्याने जोर केला. बाहेर आली तेव्हा लाल वायरीवरून सालपट निघावं तशी प्लास्टिकची लांब पट्टी सोलून आली होती, आतलं तांबं चकचकीत. ती तशीच आत राहिली असती तर अख्खा पाइप जिवंत झाला असता. तेव्हापासून आमच्याकडे पाइप कापणाऱ्यानेच गोल कानस आतून फिरवायची आणि मग स्वतःचं बोट आत घालून फिरवायचं. बोट कापलं तर कानस पुन्हा. नवीन पोरं हसतात, पण आठवड्यात सवय लागते.

दुसरी गोष्ट आम्ही दुसऱ्याच्या कामात बघितली. एका वर्कशॉपमध्ये कुणीतरी थ्री-फेज लाइनीच्या प्रत्येक फेजला, म्हणजे तीन जिवंत वायरींपैकी प्रत्येकीला, स्वतंत्र लोखंडी पाइप दिला होता. दिसायला झकास, तीन पाइप शेजारी-शेजारी, रंगसुद्धा लाल, पिवळा, निळा. मशीन लोडवर गेलं की पाइप हाताला गरम लागायचे. एकट्या फेजभोवती लोखंडाचं वेटोळं असलं की लोखंडातच प्रवाह फिरतात आणि ते तापतं. तिन्ही फेज एकाच पाइपात असले की एकमेकांचं चुंबकत्व मारतात. आम्ही तिन्ही वायरी एका मोठ्या पाइपात घेतल्या, तापणं थांबलं.

टिळकवाडीत एक दुचाकी-चारचाकीचं गॅरेज केलं तेव्हा उलट झालं. मालकाला लोखंडी पाइप हवा होता, मी जाड पीव्हीसी सुचवला. भट्टी नाही, छप्पर उंच, भिंत सावलीतली. यावेळी सॅडल जरा मोकळे ठेवले आणि सरळ लांबीत मध्ये-मध्ये वाढीला जागा सोडली. तिथला खरा धोका पेट्रोलचा होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात, बसते. म्हणून एकही सॉकेट जमिनीपासून दीड फुटाच्या आत नाही, पिटच्या भिंतीत काहीच नाही, आणि हातदिवा २४ व्होल्टचा. मालक म्हणाले, "पिटमध्ये एक प्लग दिला तर काय बिघडतंय?" मी दिला नाही. पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

मळ्यातल्या शेडची गोष्ट वेगळी. चिकोडीकडच्या एका गुऱ्हाळवाल्याने मला पाहिल्यापाहिल्या सांगितलं, "पाइप बेड, पट्टी साकु." म्हणजे पाइप नको, पट्टीवर भागव. पट्टी म्हणजे त्यांच्या डोक्यात प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायर ठेवून वर झाकण बसवायची पन्हळ. स्वस्त आहे, खोटं नाही. पण शेजारच्या खोलीत सरकी पेंडीची पोती होती, आणि जिथे पेंड तिथे उंदीर. उंदराला ती पट्टी म्हणजे बिस्कीट. वरून गुऱ्हाळाची वाफ, काजळी, चिकट धूर. त्यांच्या घरापासून शेड ६० मीटर लांब, आणि पूर्वी कुणीतरी अडीचच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या, वायरीने लाइन नेलेली. १५ अँपिअर ओढले की जाता-येताच्या वायरीत १३ व्होल्ट खलास. बल्ब मिणमिणतो, आणि लोक म्हणतात करंट कमी येतो. मी सहाची वायर सुचवली, तोटा साडेपाच व्होल्टवर आला. जमिनीतून आर्मर्ड (लोखंडी चिलखताची) केबल, शेडमध्ये लोखंडी पाइप. भाव ऐकून ते आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी फोन आला. वाटाघाटीत मी मजुरीवर सवलत दिली, मालावर नाही.

खानापूरकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस इतका की पाणी पाइपात वरून शिरत नाही, ते आत तयार होतं. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, पाइपातल्या दमट हवेचं पाणी होऊन खालच्या वळणात साचतं. पहिल्या वर्षी बोर्ड उघडला तर स्विचमधून गंजाचा तांबूस ओघळ. आता लाइनला थोडा उतार देतो, सगळ्यात खालच्या बॉक्सला बारीक भोक पाडतो आणि बोर्डात पाइप वरून न घालता खालून घालतो. अर्थिंगचंही तसंच. चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत एक पाइप ठोकला की अर्थिंग तपासायचा मीटर खूश. खानापूरच्या जांभ्या दगडात तेवढ्याने भागत नाही. दोन-तीन खड्डे, मीठ-कोळसा, आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी घालायला कुणी तरी माणूस. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, मी कोटेशनमधून कधी काढत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेला पूर आला. निपाणी भागातल्या नदीकाठच्या दोन शेडमध्ये आमचं काम होतं. पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा पाइपांतून गाळ निघत होता, चिखल वाळून वायरी घट्ट बसलेल्या. पण पाइप भिंतीवरूनच होता. तो उघडला, धुतला, पुन्हा वायरी ओढल्या. भिंतीत गाडलेला असता तर भिंतच फोडावी लागली असती. बोर्ड मात्र सगळे गेले, कारण मी ते नेहमीच्या छातीच्या उंचीवर दिले होते.

त्यानंतर नदीकाठच्या प्रत्येक कामात गावातल्या म्हाताऱ्याला विचारतो, पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर बोट टेकवतो, मी खडूने रेघ मारतो, आणि बोर्ड रेघेच्या दोन फूट वर. फिडर, म्हणजे मुख्य लाइन, वरून, सॉकेटच्या लाइनी वरून खाली. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने विचारलं, स्विच दाबायला शिडी आणायची काय? मी त्याला शिडीचाही भाव सांगितला.