उघडलेला जुना पीसी आणि बंद राहिलेला लॅपटॉप

डेटा परत मिळवण्यासाठी लोक बहुधा एकच यंत्र घेऊन येतात. त्या बाईंनी दोन आणली होती. एक विंडोज एक्सपीच्या काळात साऱ्या घरासाठी मिळून घेतलेला पीसी, दुसरा त्यांच्या दिवंगत पतीचा, पाणी सांडून बंद पडलेला नवा लॅपटॉप. लॅपटॉपमधले सहज निघेल, जुन्याचे मात्र काही खरे नाही, अशी त्यांची समजूत होती.

पीसीच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते, पण हार्ड डिस्क सुटी काढता येत होती. ती ४० पिनांची, जुन्या आयडीई जोडणीची डिस्क राइट ब्लॉकरमार्फत, म्हणजे डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणातून, जोडून मी आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने तिची संपूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. धड असलेला भाग पहिल्या फेरीत उचलायचा, खराब सेक्टरांपाशी, म्हणजे वाचता न येणाऱ्या तुकड्यांपाशी, न अडता पुढे जायचे आणि त्यांच्याकडे अगदी शेवटी वळायचे, या क्रमावर अशा डिस्कचे सगळे अवलंबून असते. आमच्याच व्यवसायातले अनेक जण ती थेट विंडोजला जोडून चेकडिस्क हे मूळ डिस्कवरच फेरबदल करणारे दुरुस्तीचे साधन चालवतात आणि उरलेसुरलेही घालवतात. मला हे अक्षम्य वाटते. घरातले सगळे एकच खाते वापरत असल्याने मुलांचे प्रकल्प, फोटो, पतीने टाइप केलेली पत्रे असे जवळजवळ सर्व एकाच ठिकाणी सापडले.

लॅपटॉपमधले स्टोरेज एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते आणि त्याची किल्ली निकामी मदरबोर्डवरच्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपमध्ये होती. उरला मार्ग ४८ अंकी रिकव्हरी कीचा, म्हणजे अशा वेळी कामी येणाऱ्या पर्यायी किल्लीचा; ती पतीच्या ऑनलाइन खात्यात, आणि त्या खात्याचा ओटीपी त्यांच्या लॉक असलेल्या फोनवर. चोरापासून संरक्षण हवेच, परंतु विकताना या कीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचा मला संताप येतो.

अमेरिकेत १९८४ च्या सरकारी पाहणीत जेमतेम ८ टक्के घरांत संगणक आढळला होता. २०१६ मध्ये, स्मार्टफोन धरून, ते प्रमाण ८९ टक्के झाले. या आकड्यांत यंत्रे मोजली जातात. मालक नसताना घरातल्या दुसऱ्या कुणाला ती उघडता येतील का, हे त्यांतून कळत नाही. “लॅपटॉप आमच्याच घरातला, मग आम्हालाच का उघडत नाही?” असे त्या बाईंनी विचारले. एन्क्रिप्शन म्हणजे काय ते मी समजावून सांगितले, पण त्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि माझाही नाही. आता त्यांच्या मुलाने मृत्यूच्या दाखल्यासह खाते चालवणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला आहे. उत्तर येईपर्यंत लॅपटॉपचे स्टोरेज पुसायचे नाही, एवढेच आमचे ठरले आहे.