डायनासोर ते माणूस, आठ फुटी प्लायवर: कामाची नोंद

पहिल्या डायनासोरांपासून माणसापर्यंतचा काळ एका लाकडी पट्टीवर मापात मांडायचा आहे, उजवी कड म्हणजे आज. प्लायची शीट 8 फुटांची, म्हणजे 2440 मि.मी. मिलिमीटरला एक लाख वर्षे धरली की पट्टीवर 24.4 कोटी वर्षे मावतात. अर्जेंटिनातल्या इस्चिगुआलास्तोच्या खडकात सापडलेले सुरुवातीचे डायनासोर साधारण 23.1 कोटी वर्षांपूर्वीचे, त्यामुळे डावीकडे 13 सें.मी. मोकळे राहतात. यापेक्षा सोयीचे माप शोधून सापडणार नाही. इंचात काम करायचा मोह मात्र टाळा, पुढचा सगळा हिशेब किचकट होतो.

12 मि.मी.चा प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त पडतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि सांधे वर येतात. फूटभर रुंदीची पट्टी पुरते. अख्खी आठ फुटी पट्टी बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये जात नाही, म्हणून चार तुकडे. इथेच बहुतेकांचे माप चुकते. करवतीचे पाते दर कापाला सुमारे 3 मि.मी. खाते. तीन कापांत 9 मि.मी. गेले, म्हणजे नऊ लाख वर्षांचा भुसा झाला. तेव्हा खुणा कापण्याआधी करू नका. तुकडे मागून जोडा आणि मग उजव्या कडेला शून्य, म्हणजे आज, धरून डावीकडे मोजत जा. तूट डाव्या टोकाला पडते आणि तिथे तसेही काही नाही. जोडायला 18 मि.मी. जाडीची लाकडी पट्टी आणि 25 मि.मी.चा स्क्रू. 32चा घेतलात तर टोक पुढच्या रंगातून डोकावते.

मुख्य खुणा डायनासोरांच्या काळाच्या तीन टप्प्यांच्या, आकडे उजव्या कडेपासूनचे मि.मी.: ट्रायासिक संपतो 2010वर, जुरासिक 1450वर, क्रेटेशस 660वर. सांधे साधारण 608, 1216 आणि 1824वर येतात, म्हणजे 660ची खूण सांध्यापासून पाच सें.मी. लांब राहते. वेगळ्या मापाचे तुकडे पाडणार असाल तर एवढे एकच बघा, की 660वर सांधा येता कामा नये. पेन्सिलची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी ती पन्नास हजार वर्षे जाड असते, म्हणून रेघेची उजवी कड हीच खूण असे सुरुवातीलाच ठरवून टाका.

आता 660. मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला सुमारे 10 किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला तो क्षण इथला. त्यासाठी रंगाची रेघ नको, कितीही बारीक ओढली तरी जाडच दिसते. नवे पाते लावलेल्या कटरने स्टीलच्या पट्टीला टेकून एकच चीर द्या, चिरेत चंदेरी रंग बोटाने घासा आणि ओल्या फडक्याने वरचा पुसून घ्या. चिरेतला तेवढा राहतो. आधी प्लायला प्रायमरचे दोन हात मारलेले असले पाहिजेत, नाहीतर रंग लाकडाच्या रेषांतून पसरतो आणि पुसता येत नाही.

चिरेला लागूनच दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, येतो. त्याचा बहुतेक लाव्हा साधारण दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. पश्चिम घाटात थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते, पण आपल्या पट्टीवर तो सारा जेमतेम 1 सें.मी. रुंद. त्याचा काही भाग चिरेच्या डावीकडे, काही उजवीकडे घ्या, कारण उद्रेक आघाताच्या आधीच सुरू झाले होते. काळा रंग कशाला लावायचा? बांधकामावर मिळणारी क्रश सँड हा आपल्याकडे बहुधा दळलेला दख्खनचा बेसाल्टच असतो. वाटीभर पुरते. चहाच्या गाळणीतून चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कडकडीत वाळवा. न धुतलेल्या सँडमधली भुकटी फेविकॉलला धरू देत नाही आणि थर खपलीसारखा सुटतो. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. टेप गोंद ओला असतानाच काढायची, वाळल्यावर ओढली तर कड फाटते.

मुंबईचे खडक मुख्य थरांपेक्षा थोडे नंतरचे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे खांब आणि वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात एकोणिसाव्या शतकातच सापडलेले जीवाश्म बेडूक, दोन्ही चिरेच्या उजवीकडे लावा. इथे डायनासोर ठेवायचा नाही.

हिरवळीबद्दल. झाडून सगळ्या तयार देखाव्यांत ट्रायासिकच्या डायनासोरांखाली लॉन पसरलेले असते. डाव्या टोकापासून 1300पर्यंत नेचे, सायकस आणि सूचिपर्णी एवढेच हवे. सोसायटीच्या आवारात ख्रिसमस ट्री म्हणून लावतात तो अरौकारिया नमुन्याला उत्तम. फुले साधारण 1300च्या पुढे. गवत आणखी उशिरा, पण डायनासोर असतानाच आले होते, आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यातला: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोर-विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले, 2005 साली ते प्रसिद्ध झाले. म्हणून 700 ते 660मध्ये रंगवलेल्या भुशाचे चार-दोन झुपके चालतील, कुरण नको.

पुतळे शाडूचे, 1:100. गोदावरी खोऱ्यातला बारापासॉरस सुमारे 14 मीटरचा, म्हणजे 14 सें.मी. शाडू वाळताना आकसते, आतली तार आकसत नाही, म्हणून मान आणि शेपूट धडाला मिळतात तिथे हमखास तडा जातो. बाइंडिंग वायरवर आधी सुतळी गुंडाळा आणि शाडूत कागदाचा लगदा मळा, साधारण चारास एक. पहिला दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा. पंख्याखाली ठेवलेला पुतळा वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग फुटतो. शेपटी जमिनीला टेकवू नका. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पुड्यांवर काम भागवणार असाल तर डायमेट्रोडॉन बाजूला काढा. तो डायनासोर नव्हे, आणि 27 कोटी वर्षांपूर्वीच संपल्यामुळे आपल्या प्लायच्या बाहेर पडतो. त्याच पुडीतला मॅमथ शेवटच्या काही सेंटिमीटरांत जातो. स्टेगोसॉरस साधारण 1500वर आणि टी-रेक्स 680 ते 660मध्ये, म्हणजे दोघांमधले अंतर टी-रेक्स आणि आपल्यातल्या अंतराहून जास्त. त्यांची झुंज लावण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचे काम धाग्यांचे. पुतळे रांगेत उभे केले की एकातून दुसरा निघाला असे वाटते. म्हणून प्रत्येक शाखेला वेगळा आडवा धागा, 15 मि.मी. अंतरावर, सुरुवातीला आणि शेवटी चूक, म्हणजे बारीक खिळा. मगर, कासव, बेडूक, साप आणि सस्तन प्राण्यांचे धागे 660 ओलांडून जातात. सस्तनांचा धागा थेट 2050च्या आसपास, मॉर्गान्यूकोडॉनसारख्या चिमुकल्या प्राण्यांपाशी सुरू करा. ते डायनासोरांनंतर आले नाहीत. डायनासोरांचा लाल धागा चिरेपाशी कापायचा नाही, त्याचा एक पदर पक्षी म्हणून कावळ्यापर्यंत न्यायचा. सुती दोरा दमट हवेत सैल-घट्ट होत राहतो, शिलाईचा पॉलिएस्टर घ्या. चुकांसाठी आधी 1 मि.मी.चे छिद्र पाडा, नाहीतर कडेचा प्लाय चिरतो.

उजवा तुकडा भारताच्या दृष्टीने गच्च आहे. 545ला गुजरातच्या वस्तान खाणीतले सस्तन प्राणी, 500ला भारत-आशिया टक्कर, तिथेच देवमाशांचा चार पायांचा पूर्वज पाकिसेटस, जवळच त्यांचा नातलग काश्मीरचा इंडोहायस आणि 400पर्यंत पूर्ण समुद्री झालेले देवमासे. शिवालिकचा शिवापिथेकस हा वानर 120 ते 85मध्ये.

माणूस मात्र या मापात मावत नाही. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे तीन लाख वर्षांपूर्वीचे अवशेष धरले तर आपली सगळी जात 3 मि.मी. शेती 0.12 मि.मी., झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच. म्हणून शेवटचे 60 मि.मी. दहापट मोठे करून, म्हणजे मिलिमीटरला दहा हजार वर्षे धरून, 5 मि.मी.च्या सनबोर्डवर (हलका फोमचा फलक), 600 मि.मी. लांब, मुख्य पट्टीच्या खाली. माणसाच्या शाखेतला मानला जाणारा सत्तर लाख वर्षांपूर्वीचा साहेलअँथ्रोपस वरच राहू द्या, तो दोन पायांवर चालायचा की नाही यावर अजून वाद आहे. खाली आफ्रिकेतले शोध: आर्डी हा आदिमानवाचा सांगाडा 440, लेतोलीचे पावलांचे ठसे 366, लूसी हा दुसरा सांगाडा 318, लोमेक्वीची दगडी हत्यारे 330, मग चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी 150. उजवीकडे 6 मि.मी.वर उभी पट्टी धरून पाहा: आपला, निअँडरथल, डेनिसोव्हन आणि फ्लोरेसच्या बुटक्या माणसाचा, असे निदान चार मानवजातींचे धागे तिला छेदले पाहिजेत. एकच छेदत असेल तर वरची सगळी मेहनत फुकट.

सनबोर्डला चुका धरत नाहीत, डोके उडवलेल्या टाचण्या तिरक्या खोचा. निअँडरथलची टाचणी 4वर, सिंधू संस्कृतीची खूण अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, तीही कटरच्या चिरेनेच. सध्या चारही तुकडे, बेसाल्ट आणि वरचे धागे झाले आहेत. खालच्या पट्टीवरचे होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीच्या धाग्याचे टोक 11वर सरकवणे आणि लेबले बाकी. लेबलांना लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली चकाकते आणि आकडे वाचता येत नाहीत. मॅट क्लिअर स्प्रेचा एक हात पुरेसा.