सासूबाई माझ्या आत्या कशा?

मागच्या रविवारी लेकानं जेवता जेवता विचारलं, आई तू आज्जीला आत्या म्हणतेस, मग बाबा तुझा आतेभाऊ ना? नवरा आमटी भुरकत होता त्याला ठसकाच लागला. आमचं लग्न रीतसर बघून ठरलेलं, मी साताऱ्याकडची, सासर बारामतीकडचं, लांबलांबचं पण नातं नाही. पण पोराचं लॉजिक चुकलेलं नाहीये!

कारण नवरा माझ्या वडिलांना मामा म्हणतो. म्हणजे दोन्ही बाजूनी हिशोब एकच निघतो, मुलानं मामाची मुलगी केली. उलटं असतं, म्हणजे आत्याची मुलगी केली असती तर मी सासूला मामी म्हणलं असतं, आणि सासूला मामी म्हणणारी सून मी तरी आमच्याकडं पाहिलेली नाही. लग्न नात्यात होवो न होवो, हाक मात्र जुन्या नियमाचीच राहिलीये.

हे सगळं मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी कधीच मांडून ठेवलंय. १९३९ पासून त्या आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या, पुण्यात स्कूटरवर फिरणाऱ्या बाई म्हणून लोकांना जास्त माहीत (पुणेकरांना स्कूटरच लक्षात राहणार म्हणा), पण खरं काम म्हणजे देशभर हिंडून कोण कुणाला काय हाक मारतं, कुठं मुलगी देतात, कुठं देत नाहीत हे गोळा केलं आणि १९५३ मध्ये 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे भारतातल्या नात्यागोत्यांवरचं पुस्तक छापलं. त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. वर उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीणच, माझी ऑफिसातली युपीची मैत्रीण हे ऐकून अक्षरशः शहारली, तिच्याकडं तर गावातल्या गावात पण लग्न करत नाहीत. खाली कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत बऱ्याच जातींत मामाच भाचीशी लग्न करतो. आपण मधे लटकलेलो, मराठ्यांत मामाची मुलगी चालते, देशस्थांत चालते, कोकणस्थांत नाही, एकाच पेठेत शेजारीशेजारी राहून पण.

आणि हे फक्त आपल्यातच नाही बरं का. गोंडांमधे आते-मामेभावंडांच्या लग्नाला 'दूध लौटावा' म्हणतात, म्हणजे घरातून एक मुलगी दिली की ते देणं, ते दूध, पुढच्या पिढीत परत फिरतं. किती सुंदर शब्द आहे! आपण आदिवासींच्या चालीरीती म्हणून लांबून बघतो आणि घरात रोज सासऱ्यांना मामा म्हणतो.

कायदा पण गंमतशीर आहे, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावाबहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं, पण दोन्हीकडं तशी रूढी असेल तर चालतं. म्हणजे रूढी मोठी. आनुवंशिक आजारांचा प्रश्न आहे तो आहेच, त्यामुळं मी काही या लग्नांची बाजू घेत नाहीये.

संध्याकाळी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या, मान पण वर केली नाही. म्हणल्या, मी तुझी आत्या तर तुझा बाप माझा भाऊ झाला की, मग चौदा वर्षांची भाऊबीजेची ओवाळणी थकलीय म्हणून सांग त्याला.