दोन नंबर मारत नाही

रविवारी दुपारी मटकीची उसळ जरा जास्तच झाली होती, आता आडवं व्हायचं एवढाच कार्यक्रम, तेवढ्यात बायको म्हणाली, अरे गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, सकाळी मंडईतून येताना बाजूचा रिक्षावाला वाकून बघत होता. आता रिक्षावाला वाकून बघतोय म्हणजे प्रकरण सिरीयस. झोप गेली.

गाडी १९९७ची. तीन सिलिंडर, कार्बोरेटर, आरटीओत तीनदा पासिंग करून आणलेली. विकून टाक म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांचं मी ऐकत नाही. खाली गेलो, चालू केली, बॉनेट उघडलं. मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेट न घेणं, होतंच. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही थोडं हलतं, पण ते हलणं वेगळं आणि हे वेगळं. गणपतीच्या आरतीत पंधरा जण टाळ्या वाजवत असतात, त्यातला एक ठेका सोडून वाजवतो, सगळ्यांना कळतं कुठेतरी चुकतंय पण कोण ते कळत नाही, आणि चुकणारा डोळे मिटून सगळ्यात भक्तिभावाने वाजवत असतो. तसं. मागे जाऊन सायलेन्सरसमोर हात धरला, दोन धक्के आणि मग एक फुस.

मिसिंग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला खंबाटकी घाटात. बाबांची स्कूटर, पुढे मी उभा, मागे आई, आईच्या मांडीवर ताई, आणि पायाशी आजोळी न्यायच्या आंब्यांची पिशवी, म्हणजे मिसिंग का नाही करणार ती, बंद पडली नाही हेच उपकार. बाबा खाली उतरायचे आणि काही न बोलता मागे हात करायचे, की आई बांगडीतली सेफ्टी पिन काढून द्यायची. त्या पिनेने प्लगमधला काळा कचरा काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, एक्सा ब्लेडचं पातं गॅपमधून सरकवून बघायचं (ते साधारण ०.६ मिमी भरतं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, बाबांना न जाताच माहीत होतं), मग प्लग इंजिनला टेकवून किक. निळी ठिणगी आली तर बाबा हसायचे. पिवळट आली तर डिकीतून पेपरात गुंडाळलेला दुसरा प्लग यायचा. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल घालायचं असताना पंपावरच्या पोऱ्याने सढळ हाताने घातलं की हे व्हायचंच. तरी नाहीच झाली चालू तर स्कूटर आडवी करायची, ते कसं ते सांगायला नको. ती पिन पुसून परत आईच्या बांगडीत जायची आणि आजोळी पोचेपर्यंत आईच्या हाताला पेट्रोलचा वास. मला तो अजून आवडतो, कुणाला सांगत नाही एवढंच.

आता हे काही राहिलं नाही. परवा भाच्याने त्याच्या नव्या गाडीत स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं काहीतरी खुपसलं आणि मोबाईलवर आलं, पी ०३०२. म्हणजे दुसरा सिलिंडर. संपलं. ०३०१ असता तर पहिला. आणि ०३०० आलं तर कुठलाही किंवा बरेच, म्हणजे गाडीलाच नक्की सांगता येत नाहीये. हे शेवटचं मला फार माणसासारखं वाटलं.

आमच्या गाडीला असं काही विचारता येत नाही. तिला विचारायची पद्धत म्हणजे चालू इंजिनवर एकेका प्लगची कॅप काढून बघायची. (नव्या गाड्यांवर हे करू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते.) वायरमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, कॉलेजात एकदा झटका खाल्लाय, म्हणून रबरी हातमोजे घातले. लेकीला आत बसवलं, म्हटलं हलका रेस धरून ठेव. ती एका पायाने रेस आणि दोन्ही हातांनी मोबाईल.

एक नंबरची कॅप काढली, इंजिन एकदम गळपटलं, बंदच पडत होतं. पटकन लावली. तीनची काढली, तेच. दोनची काढली तर काही नाही. आवाज होता तसाच. लावली, तसाच. परत काढली.

म्हणजे सापडला. ज्याला काढल्यावर कुणाला फरक पडत नाही, तो काम करत नाहीये, हिशोब सरळ आहे. आणि तिथेच वाकलेलं असताना मला आठवलं की मी मार्चमध्ये कामासाठी तीन आठवडे चेन्नईला होतो, आणि परत आल्यावर विचारलं होतं की काय, काही अडलं का, तर हीच लेक म्हणाली होती, नाही रे बाबा, काहीच नाही, सगळं मस्त चाललं होतं.

प्लग काढला. ओला, पेट्रोलने भिजलेला. एक नंबरचा प्लग दोनला आणि दोनचा एकला लावून पाहिलं, तरी दोनच मेलेला. म्हणजे प्लग चांगला होता. भिजला होता, पण चांगला होता.

तोवर अंधार पडला. इस्त्रीची पाण्याची बाटली मागवली, पार्किंगमधला दिवा बंद केला आणि दोन नंबरच्या वायरवर बारीक फवारा मारला. वायर मधेच चिरली होती, आणि तिथून ठिणगी प्लगपर्यंत न जाता इंजिनच्या अंगावर उडत होती, निळी, अगदी बारीक, टिक टिक टिक.

लेक गाडीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिली. मोबाईल आतच.

"बाबा, भारी दिसतंय. परत मार ना पाणी."

मारलं.

"परत."

खरं तर कारण सापडलं होतं, इंजिन बंद करून वर जायला हरकत नव्हती, नवीन वायर उद्या नाना पेठेतून आणायची. वरून बायको गॅलरीतून ओरडत होती की एवढा वेळ चालू कशाला ठेवलीय, पेट्रोल काय फुकट येतं का. म्हटलं, आलो, शेवटचं एकदा.