पंधरा जीबी भरले तेव्हा

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो आणि लोकांचे हिशेब तपासून विवरणपत्रे भरून देण्याचे काम घरूनच करतो. मागे एका जुलै महिन्यात, कामाची सर्वांत जास्त गर्दी असताना, एका क्लायंटने फोन करून सांगितले की त्यांनी मला पाठवलेला मेल दोनदा परत आला. माझ्या खात्यात जागाच उरली नव्हती. तशी सूचना देणारी पट्टी कित्येक आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी ती रोज बाजूला सारत होतो. त्या मेलमधला फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, वेळेत माझ्या हाती पडला नसता तर दंड त्या क्लायंटला भरावा लागला असता, ही गोष्ट मला फार लागली.

गूगलच्या विनामूल्य खात्यात मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून वापरली जाते. १ जून २०२१ पूर्वी फोटो थोड्या कमी दर्जाचे करून साठवले तर ते या जागेत धरले जात नसत. त्या तारखेपासून चढवलेले फोटो मात्र धरले जातात. मी जुन्याच समजुतीवर विसंबून राहिलो होतो. त्यातच अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच जागेतून वजा होऊ लागला होता, आणि माझ्या बाबतीत सोसायटीच्या गणपतीचे व्हिडिओच त्यात मोठा भाग व्यापून बसले होते.

त्या संध्याकाळी मी मोठ्या जोडण्या असलेले चारेकशे मेल शोधून काढून टाकले, तरी जागेचा आकडा हलला नाही. काढलेले मेल कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि तोवर त्यांची जागाही मोजली जाते, हे मला नंतर कळले. पेटी रिकामी करण्यापूर्वी मी एकदा त्यावरून नजर फिरवली, हे माझे नशीबच म्हणायचे, कारण वडिलांच्या घराच्या करारनाम्याची स्कॅन केलेली एकमेव प्रत त्यातच होती. तेव्हा मी थांबलो आणि ठरवले की आधी ठेवायचे काय ते वेगळे काढायचे, काढून टाकण्याचे नंतर पाहायचे.

या कामाला दीड महिना लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ फाइलींना नावे देण्यात गेला. व्हॉट्सॲपवरून आलेली कागदपत्रे नुसती तारीख आणि क्रमांक घेऊन येतात, स्कॅनरची नुसता क्रमांक घेऊन. आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. मी नावाची एकच पद्धत धरली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे कागद कोणाचा आणि कशाचा. उदाहरणार्थ, ‘२०१९-०४-०८ आई मालमत्ता कर पावती’. वर्ष आधी लिहिल्यामुळे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या ८ तारखेच्या फाइली एकत्र येऊन बसतात. तारीख कागदावरची घालायची, तो हाती आल्याची नव्हे, हेही मी ठरवून टाकले. कप्पे मात्र मी मुद्दाम चारच ठेवले आहेत, कारण वीस कप्प्यांचा माझा आधीचा प्रयत्न कोणता कागद कुठे घालायचा या विचारातच बारगळला होता. नाव नीट असेल तर शोधपट्टीत दोन शब्द लिहून काम भागते. नवा कागद आला की त्याच दिवशी त्याचे नाव बदलतो. दुसऱ्या दिवसावर गेलेले काम माझ्या हातून होत नाही, हे मला पुरते ठाऊक आहे.

सरकारी कागदांसाठी मी डिजिलॉकर या सरकारच्या ऑनलाइन कागदपत्र-पेटीकडे वळलो. तिथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. संबंधित विभागाकडून थेट लॉकरमध्ये आलेला परवाना किंवा बोर्डाची गुणपत्रिका २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा मिळत नाही.

प्रती किती ठेवायच्या, याबाबत जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, असे सांगतात. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व मला कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. २६ जुलै २००५ रोजी आमच्या तेव्हाच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम लगद्यासारखे होऊन हाती आले. म्हणून गूगल टेकआउटमधून सारी सामग्री उतरवून मी दोन हार्ड डिस्क भरल्या. एक घरी असते, दुसरी ऐरोलीला बहिणीकडे. तीन महिन्यांनी एकदा नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी धरून मी ताजी डिस्क तिकडे देतो आणि जुनी घेऊन येतो.

एक काम अजून चालूच आहे. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोंमधून तो काढल्याची मूळ तारीख गळून जाते, त्यामुळे नातेवाइकांनी पाठवलेल्या शेकडो फोटोंना पद्धतीप्रमाणे नाव देता येत नाही. रविवारी दुपारी आई माझ्या शेजारी बसते. फोटोतल्या साडीवरून, पाळण्यातल्या बाळावरून किंवा मागच्या भिंतीच्या रंगावरून ती साल सांगते, आणि मी ते नावात लिहीत जातो. मागच्या रविवारी आम्ही २०१२ पर्यंत आलो.